नाव टाकण्याआधी नव्या कोचना भेटू द्या

पत्र, थोडक्यात:

ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा शेजारच्या राज्यात डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) एका मध्यम कॉलेजात बास्केटबॉल खेळतो, पूर्ण स्कॉलरशिपवर. मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपत आलंय. गार्ड आहे, सहा फूट चार इंच. यंदा सामन्याला सरासरी अकरा मिनिटं मिळाली. गेल्या आठवड्यात त्याचे कोच मोठ्या कॉलेजात गेले आणि संघातल्या पाच जणांनी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नावं टाकली. आता हा म्हणतो, मीपण टाकतो. इन्स्टाग्रामवर कोणी एजंट ‘सिक्स फिगर्स मिळवून देतो’ म्हणून मागे लागलाय. त्याचे बाबा म्हणतात, ज्यांनी हात दिला त्यांना असं सोडून जाणं ही बेइमानी आहे. बापलेक एकमेकांशी धड बोलत नाहीत. आम्ही एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगा आमच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. जानेवारीत त्याला २१ पूर्ण होतील. आम्ही काय करावं?
– एक आई, न्यू जर्सी

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत: एच-फोर, आणि जानेवारीत २१. तिच्याकडे येते. पण आधी घरातलं भांडण बघू, कारण ते मिटल्याशिवाय पुढचं कोणी कोणाचं ऐकणार नाही.

त्याच्या बाबांचा राग मला कळतो. पण बेइमानीचा आरोप इथे लागू होत नाही. कोच गेले तेव्हा त्यांना कोणी बेइमान म्हटलं का? अभिनंदनाचे मेसेजच गेले असतील. तुम्ही न्यू जर्सीचे, म्हणजे २०२२ च्या मार्चमधली कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा तुमच्या लक्षात असेल. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स, मानांकन पंधरावं. त्यांनी केंटकीला घरी पाठवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला, आणि पंधराव्या मानांकनाचा संघ पहिल्यांदाच शेवटच्या आठांत पोचला. नॉर्थ कॅरोलायनाकडून हरले आणि काही दिवसांतच कोच शाहीन हॉलोवे जवळच्याच सीटन हॉलला रुजू झाले. त्यामागोमाग संघ पांगला. मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला गेला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, ड्रामे हे जुळे भाऊ ला सालला आणि के. सी. एन्डेफो हॉलोवेंच्या पाठोपाठ सीटन हॉललाच. जर्सी सिटीला हळहळ वाटली असणारच, पण मला त्यात त्या पोरांचा दोष दिसत नाही.

पूर्वी ही मोकळीक नव्हती. १५ ऑक्टोबर २०१८ ला पोर्टल सुरू झालं, त्याआधी दुसऱ्या कॉलेजशी बोलणी करायची तर आपल्याच कॉलेजची परवानगी काढावी लागे, आणि बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदललं की सहसा वर्षभर नुसता सराव करत बाकावर बसावं लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ती अट गेली. २०२३ च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टानं उरलेलं बंधनही रोखलं, आणि २०२४ च्या वसंतात कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएनं नियमच बदलला: अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा. कोच मंडळींना असं बाकावर कधीच बसवलेलं नव्हतं. तेव्हा बाबांना सांगा, मुलगा मागतोय तो त्याचा हक्क आहे. तो या एप्रिलमध्ये वापरावा का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं माझं उत्तर आहे: आत्ता लगेच नको.

मुलाला हे का पटत नाही तेही समजू शकतं. टीव्हीवर दिसतात ते जिंकलेले. फ्लोरिडानं ७ एप्रिल २०२५ ला सॅन अँटोनियोत ह्यूस्टनला ६५–६३ हरवून विजेतेपद घेतलं, त्या संघाचा म्होरक्या वॉल्टर क्लेटन ज्युनियर हा न्यूयॉर्कजवळच्या आयोना या छोट्या कॉलेजातून आलेला. त्याच्या बाजूचा अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा, विल रिचर्ड बेलमाँटचा. डाल्टन नेक्ट तर दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून नॉर्दर्न कोलोरॅडोला, तिथून टेनेसीला आणि २०२४ मध्ये एनबीएच्या निवडीत पहिल्या फेरीत लेकर्सकडे. हे सगळं खरंच आहे. पण क्लेटन आयोना सोडताना त्याच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू होता, आणि नेक्टनं नॉर्दर्न कोलोरॅडोत सामन्याला वीसेक गुण केले होते. त्यांना स्वतःची ओळख करून द्यावी लागली नाही. अकरा मिनिटांच्या गार्डला ती करून द्यावी लागते, आणि ऐकून घ्यायला एप्रिलमध्ये कोणाला वेळ नसतो.

मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या क्रीडा विभागात खेळाडूंच्या अभ्यासाचं बघत होते. माझं टेबल असिस्टंट कोचेसच्या खोलीला लागून. त्या खोलीत भिंतीवर पांढरा फळा, त्यावर पाच पोझिशन्सचे पाच रकाने आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकाची पट्टी. हंगाम संपला की सकाळी सकाळी कोणीतरी एकदोन पट्ट्या काढून खणात टाकायचं. कोणी पदवीधर झालेला, कोणी निघालेला, कोणाला निघायला सुचवलेलं. फळ्यावर जिथे भगदाड दिसेल तेवढ्यापुरताच शोध सुरू व्हायचा. ‘चांगला खेळाडू हवा’ असं कोणी म्हणत नसे. ‘उंच शूटिंग गार्ड, थ्री-पॉइंट ३८ टक्क्यांच्या वर, दोन वर्षं शिल्लक, चेंडू कमी घालवणारा’ अशी मागणी असे. मग पोर्टलची यादी उघडायची, आकड्यांची चाळण लावायची, उरलेल्यांचे व्हिडिओ बघायचे आणि त्यातून पाचसहा जणांना त्याच संध्याकाळी फोन. दुसऱ्या दिवशी त्यातले तीन कुठेतरी ठरलेले असायचे. माझ्याकडे ती मंडळी यायची ती फक्त एक विचारायला, की याची क्रेडिट्स आपल्याकडे किती धरली जातील.

२०२५ च्या वसंतात डिव्हिजन वनमधल्या दोन हजारांहून जास्त पुरुष खेळाडूंनी पोर्टलमध्ये नाव टाकलं. संघ साडेतीनशेच्या वर, प्रत्येकात साधारण पंधरा जण; म्हणजे दर पाचांतले जवळजवळ दोन बाजारात उभे. पहिल्याच चाळणीत सामन्याला किती मिनिटं खेळला हे बघतात, आणि तिथेच तुमचा मुलगा गळू शकतो. तो वाईट खेळतो म्हणून गळतो असं नाही. त्याला पारखायला पुरेसं काही नोंदलेलंच नसतं, आणि शेजारी तीस मिनिटं खेळलेला मुलगा उभा असतो.

पोर्टल म्हणजे वधूवर सूचक मंडळाची वही समजा. नाव नोंदवलं म्हणजे लग्न ठरलं नाही. फरक इतकाच, की या वहीत नाव गेलं की सध्याच्या घरचं जेवण तुटू शकतं. आणि हे मुलाला कोणी सांगितलेलं नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. खेळाडूनं कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळांचे नियम पाळले जातात का हे बघणारं ऑफिस) लेखी कळवलं की दोन कामकाजी दिवसांत त्याचं नाव पोर्टलमध्ये जातं. त्यानंतरच इतर कोच त्याच्याशी बोलू शकतात. आणि त्याचबरोबर, चालू सत्र संपल्यावर त्याची स्कॉलरशिप थांबवायची मुभा सध्याच्या कॉलेजला मिळते. पुढे मन बदललं तर नाव मागे घेता येतं, पण कॉलेजनं त्याला परत घेतलंच पाहिजे असं नाही. उलट नाव न टाकता तो तिथेच राहिला, तर केवळ खेळ कमी पडला एवढ्या कारणानं स्कॉलरशिप काढता येत नाही. २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये हे संरक्षण आहे. त्याच्या कागदावर ते कुठल्या शब्दांत लिहिलंय हे तुम्ही स्वतः वाचा. स्कॉलरशिप पुढच्या वर्षी चालू राहणार की नाही हे १ जुलैपर्यंत लेखी मिळायला हवं, आणि नाही म्हणाले तर दाद मागायची सोय असते.

आता नवे कोच. येणारा कोच हाती असलेला संघ जसाच्या तसा ठेवत नाही, हे धरून चाला. २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकीहून आर्कान्सॉला गेले. त्यांच्यामागे डी. जे. वॅग्नर, अडू थियेरो, झ्वोनिमिर इविसिच हे तिघे गेले, आणि मार्क पोप केंटकीत आले तेव्हा स्कॉलरशिपवरचा एकही जुना खेळाडू शिल्लक नव्हता. त्यांनी बहुतेक सगळा संघ पोर्टलमधून उभा केला आणि शेवटच्या सोळांत नेला. त्याच वर्षी मिशिगनला डस्टी मे आले. आधीच्या हंगामात ८ विजय आणि २४ पराभव असलेला संघ त्यांनी येलहून डॅनी वुल्फ आणि आपल्या जुन्या कॉलेजातून व्लाद गोल्डिन आणून २७ विजयांपर्यंत पोचवला. तुमच्या मुलाच्या कॉलेजचे नवे कोचही याच मार्गानं जाणार. पण पाच जण निघून गेलेत, म्हणजे त्यांच्या फळ्यावर पाच मोकळ्या जागा आहेत, आणि त्यांतली एखादी तुमच्या मुलाची असू शकते. हे न विचारता निघून जाणं मला वेडेपणाचं वाटतं.

तेव्हा नवे कोच आले की त्यानं एकट्यानं जाऊन भेटावं. तुम्ही दोघं सोबत जाऊ नका, पार्किंगमध्येसुद्धा थांबू नका. त्यानं सरळ विचारावं: माझ्या पोझिशनवर तुम्ही पोर्टलमधून किती जण आणणार आहात? मला कुठे खेळवाल? उन्हाळ्यात मी काय सुधारलं तर मिनिटं वाढतील? ‘सगळ्यांना समान संधी’ असं गोल उत्तर आलं तर समजायचं, आपण त्यांच्या हिशेबात नाही. ‘तुझा डावा हात कच्चा आहे, तो सुधार, मी तुला अमुक जागी बघतोय’ असं काही आलं तर थांबायला कारण आहे. आणि ‘तुझ्यासाठी दुसरी जागा बघितलेली बरी’ असं स्पष्ट म्हणाले तर वाईट वाटेल, पण तो माणूस खरं बोलतोय. मग निघायची तयारी करावी.

वेळेचं भान मात्र ठेवा. नाव टाकायची मुदत ठरलेली असते आणि ती आखूड होत चाललीय: आधी ६० दिवस, मग ४५, आणि २०२५ मध्ये ३०, म्हणजे २४ मार्च ते २२ एप्रिल. मुख्य कोच बदलला तर त्या संघाला वेगळी मुदत मिळते. यंदाच्या दोन्ही तारखा कम्प्लायन्स ऑफिसकडून ईमेलवर लिहून घ्या, मित्रांच्या ग्रुपवरून नको.

निघायचंच ठरलं तर वरच जायला हवं असं काही नाही. एक पायरी खाली, जिथे तीस मिनिटं खेळायला मिळेल असं छोटं डिव्हिजन वन कॉलेज, किंवा डिव्हिजन टू. टू मध्ये स्कॉलरशिप बऱ्याचदा तुकड्यांत वाटतात, तेव्हा उरलेली फी कोण भरणार हे आधी ठरवा. आणि थांबून मोठे झालेलेही आहेत. पर्ड्यूचा झॅक एडी पहिल्या वर्षी सामन्याला पंधराएक मिनिटंच खेळला, चारही वर्षं तिथेच राहिला आणि दोनदा देशातला सर्वोत्तम ठरला. आता सात फूट चार इंचांच्या मुलाचं उदाहरण आपण कितपत घ्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

इंजिनीअरिंगबद्दल घरात कोणी बोललेलं दिसत नाही, आणि माझ्या टेबलावर सर्वांत जास्त रडारड याचीच व्हायची. तिसऱ्या वर्षी खेळायचं तर पदवीची ४० टक्के क्रेडिट्स पूर्ण लागतात, चौथ्या वर्षी ६०, पाचव्या वर्षी ८०. बदली घेतली की ही टक्केवारी नव्या कॉलेजच्या पदवीवर मोजतात. स्टॅटिक्स, थर्मोडायनॅमिक्स इथे उत्तम मार्कांनी पास झालेला मुलगा तिकडे जातो आणि तिथला विभाग म्हणतो, हा कोर्स आमच्याशी जुळत नाही, मोकळा विषय म्हणून धरू. क्रेडिट खात्यावर दिसतं, पदवीत मोजलं जात नाही. टक्के कमी पडतात, आणि ते भरून काढायला मुलगा इंजिनीअरिंग सोडून ज्यात क्रेडिट्स सहज बसतील असा विषय घेतो. मी असे बरेच पाहिले. कोणत्याही कॉलेजला होकार देण्याआधी त्या इंजिनीअरिंग विभागाकडून, क्रीडा विभागाकडून नव्हे, कुठला कोर्स कशात धरणार हे लेखी घ्या. अकरा मिनिटं खेळणाऱ्या मुलाच्या हातात पुढे जास्त पैसा कशानं येणार आहे, हे त्याला कटू लागलं तरी ऐकवायला हवं.

आता ती शेवटची ओळ. एच-फोरवरच्या मुलाला अमेरिकेत कमाई करता येत नाही. कॉलेजनं दिलेली स्कॉलरशिप वेगळी. एजंट बोलतोय ते पैसे वेगळे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती घेता येतात. २०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंच्या पैशांवरून चाललेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मान्य केली, तेव्हापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. मोठ्या कॉलेजांत त्यातला मोठा वाटा फुटबॉलकडे जातो, आणि मध्यम कॉलेजांकडे एवढा पैसाच नसतो. पण तुमच्या मुलासाठी हा सगळा हिशेब व्हिसापाशी अडतो. जानेवारीत २१ पूर्ण होऊन एच-फोर संपलं की त्याला बहुधा एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल, आणि एफ-वनवरही परवानगीशिवाय काम करता येत नाही. झॅक एडी कॅनडाचा. देशातला सर्वोत्तम खेळाडू असून विद्यार्थी व्हिसामुळे पैशाच्या बाबतीत त्याचे हात बांधलेले होते. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेनं २०२२ मध्ये संघाच्या बहामा दौऱ्यात, अमेरिकेबाहेर असताना, जाहिरातींचं काम उरकून घेतलं ते याचसाठी. चुकीच्या कागदावर एक सही झाली तर प्रश्न बास्केटबॉलचा उरणार नाही, त्याच्या इथे राहण्याचाच होईल, आणि तुमच्या ग्रीन कार्डच्या रांगेत तो अजून तुमच्या बरोबर आहे की नाही हाही हिशेब त्यात आहे.

शिवाय एफ-वनसाठी लागणारा आय-२० हा प्रवेशाचा कागद कॉलेज देतं. कोणत्या कॉलेजात असणार हेच ठरलं नसेल तर तो अर्ज करणार कशाच्या जोरावर? अमेरिकेत राहून स्टेटस बदलायचं म्हटलं तर काही महिने सहज जातात, आणि भारतात जाऊन पासपोर्टवर व्हिसाचं स्टँपिंग करायचं तर डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. म्हणून बदलायचं असेल तर मे-जूनच्या आत ठरायला हवं, आणि राहायचं असेल तर आत्ताच्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये या महिन्यातच जायला हवं.

एजंटबद्दल फार लिहीत नाही. एनबीएच्या खेळाडू संघटनेनं एजंटचा वाटा जास्तीत जास्त ४ टक्के ठरवलाय. कॉलेजच्या बाजारात असा सरसकट लगाम नाही, आणि १५-२० टक्के मागणारे भेटतात. त्यानं मुलाचा व्हिसा कोणता हे एकदा तरी विचारलं का? नसेल विचारलं, तर ब्लॉक करा. आणि ‘आधी नाव टाक, अमुक कॉलेज तयार आहे’ असं सांगत असेल, तर नाव टाकण्याआधी दुसऱ्या कॉलेजनं मध्यस्थामार्फत बोलणं हाच मुळात नियमभंग आहे. त्या शब्दाला कागदाचा आधार नसतो. पुढे ते कॉलेज फिरलं तर विचारायला जाणार कोणाला?

मुलाची पातळी नक्की कुठली, हे त्याच्या हायस्कूलच्या कोचना विचारा. त्यांना त्यातून काही मिळायचं नाही, म्हणून ते खरं सांगतील. हे विचारायचं काम बाबांकडे द्या. त्यांना या प्रकरणात करायला काहीतरी हवंय, आणि कोचचं उत्तर मुलानं बापाच्या तोंडून ऐकलं तर निदान दोघांत बोलणं तरी सुरू होईल.

पण सगळ्यात आधी इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्या. एप्रिलमध्ये ही मंडळी एच-वनच्या अर्जांत बुडालेली असतात. आज फोन केलात तर कदाचित पुढच्या आठवड्यातलं मिळेल. जाताना मुलाचा पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद), तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेल्या आय-१४० अर्जाची प्रत आणि स्कॉलरशिपचं पत्र बरोबर न्या, आणि मुलालाही न्या.